अस्थिमज्जा आणि रक्ताचे नाते

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत अनुवादिकेने दिलेले व्याख्यान)



आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे उचित ठरेल. मी वैद्यकशास्त्राची अभ्यासक नाही. माझे शिक्षण मराठी भाषा आणि साहित्य या विषयात झाले आणि अनुवाद हा माझा व्यवसाय आहे. रक्ताचे रोग व त्यांवरील उपचार यांविषयीच्या एका ग्रंथाचा अनुवाद करण्याचे काम माझ्याकडे आले नसते, तर आजच्या विषयावर आपल्यापुढे उभे राहण्याचे धाडस मी केले नसते. परंतु अनुवादकाला ग्रंथातील प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते. आणि अशाच एका शब्दापाशी मला जे कळून आले, ते आपल्यापुढे मांडावे असे मनापासून वाटते. तो शब्द आहे ‘मज्जा’.

अनुवादाची पहिली तीन प्रकरणे हातावेगळी झाली तेव्हा मी ती आमच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंना वाचावयास दिली. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, वाचन चोखंदळ आहे आणि वाचताना हातात पेन्सिल असल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. आठ दिवसांनी त्या कागद घेऊन आल्या. शुद्धलेखनाच्या चार चुका त्यांनी दाखविल्या, आणि मग म्हणाल्या, “एक विचारू का गं? मज्जा देणाऱ्याच्या पाठीच्या कण्यातून काढतात ना? मग त्या माणसाचे पाय लुळे पडत नाहीत का?”

मी म्हणाले, “नाही हो बाई, कण्याशी तिचा काही संबंध नाही. कंबरेच्या हाडातून काढतात.”

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगितले ते असे. सुमारे वीस वर्षांपूर्वी त्यांच्या पुतण्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. सख्ख्या बहिणीची मज्जा जुळते का ते पाहावे, असे डॉक्टरांनी सुचविले होते. मुलगी लग्नाची होती. घरातील वडीलधाऱ्यांनी एकत्र बसून ठरविले की एक लेकरू हातचे जात असताना दुसऱ्याला पांगळे करावयाचे नाही. मुलीची रक्ततपासणीदेखील झाली नाही. पुतण्या गेला. “त्या बैठकीत मीही होते,” बाई म्हणाल्या, “आणि मीही नकोच म्हटले होते.”

त्या मुलीची मज्जा जुळली असती की नाही, आणि जुळली असती तरी मुलगा वाचला असता की नाही, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. पण ज्या भयापोटी तो निर्णय घेतला गेला, ते भय निराधार होते. आणि त्या भयाचे एक मूळ आपल्या भाषेत आहे, हे माझ्या ध्यानात आले.

आयुर्वेदाने शरीराचे सात धातू मानले आहेत: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. यांतील मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतील मृदू द्रव्य. हा तिचा मूळ अर्थ होय. परंतु पुढे मराठीत शरीरशास्त्राची परिभाषा रूढ झाली तेव्हा हाच शब्द सर्वस्वी वेगळ्या अर्थाने योजला गेला. संवेदना वाहून नेणारे ते ‘मज्जातंतू’, त्यांची मिळून झालेली ती ‘मज्जासंस्था’, आणि पाठीच्या कण्यातून जाणारा तो ‘मज्जारज्जू’. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी हे शब्द पाठ केले. मज्जारज्जूला इजा झाली तर माणूस पांगळा होतो, हेही आपल्याला ठाऊक असते. साहजिकच ‘मज्जा काढणे’ हे शब्द कानी पडताच मन कण्याकडे धावते. वस्तुतः ज्या मज्जेविषयी आपण आज बोलणार आहोत ती अस्थिमज्जा. मज्जारज्जूशी तिचे नाते केवळ नावापुरते आहे. मटणाच्या नळीतील गर ज्यांनी चाखला आहे त्यांनी ती प्रत्यक्ष पाहिलेली असते.

या मृदू द्रव्याचे कार्य काय, हे मानवाला फार उशिरा कळले. १८६८ साली कोनिग्झबर्ग येथील एर्न्स्ट नॉयमान या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की रक्तातील पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात कंबरेचे हाड, छातीचे हाड, फासळ्या, मणके अशा हाडांत ही तांबडी मज्जा अहोरात्र काम करीत असते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका आठ-दहा दिवस टिकतात. जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी बहुसंख्य पेशींचे आयुष्य त्याहूनही अल्प असते. ही झीज भरून काढण्यासाठी मज्जेला केवळ तांबड्या पेशीच दररोज सुमारे वीस हजार कोटी निर्माण कराव्या लागतात. हा व्यवहार जन्मभर बिनबोभाट चालू असतो.

तो बिघडला म्हणजे काय होते, हे मात्र नॉयमानच्या शोधाआधीच दिसून आले होते. १८४५ साली एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथे रुडॉल्फ फिर्खो या दोन डॉक्टरांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, अशा रुग्णांची वर्णने प्रसिद्ध केली की ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचे प्रमाण विलक्षण वाढले होते. फिर्खोने १८४७ मध्ये या रोगाला ग्रीक शब्दांवरून ‘ल्युकेमिया’, म्हणजे ‘पांढरे रक्त’, असे नाव दिले. या रोगात मज्जेतील एखादी पेशी बिघडते आणि आपल्यासारख्याच अपक्व, निरुपयोगी पेशींची बेसुमार पैदास करू लागते. शेतात तण माजावे तशी मज्जा त्या पेशींनी भरून जाते. तांबड्या पेशींना जागा उरत नाही, म्हणून रुग्ण पांढराफटक पडतो. बिंबिका घटतात, म्हणून हिरड्यांतून व त्वचेखाली रक्त येते. लढाऊ पांढऱ्या पेशी उरत नाहीत, म्हणून साधा तापही जीवघेणा ठरतो. तीव्र स्वरूपाच्या ल्युकेमियात हे सारे काही आठवड्यांत घडू शकते.

या रोगापुढे धनसंपत्तीचाही काही इलाज चालत नसे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली ल्युकेमियानेच निधन झाले. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी एक विश्वस्त निधी स्थापन केला. त्याच वर्षी त्यांचाही मृत्यू झाला. परंतु १९४१ साली मुंबईत परळ येथे जे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले, त्यामागे या दुःखाची प्रेरणा होती.

पहिला आशेचा किरण दिसला तो १९४७-४८ च्या सुमारास, बॉस्टन येथे. सिडनी फार्बर या डॉक्टरने ल्युकेमिया झालेल्या बालकांना ‘अमायनोप्टेरिन’ नावाचे औषध टोचले आणि १६ पैकी १० बालकांत सुधारणा दिसली. ती टिकली नाही. काही महिन्यांत रोग उलटला. तथापि हा रोग औषधाने मागे हटू शकतो, ही गोष्ट तोवर कोणीही पाहिली नव्हती. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तेथील संशोधनाचे सूत्रधार आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव होते. मद्रासला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १९२३ साली अमेरिकेस गेले आणि १९४८ साली तेथेच वारले. त्यांचे नाव येथे घेण्यास आणखीही एक कारण आहे. या औषधाच्या कुलातील ‘मेथोट्रेक्सेट’ हे औषध आपल्या कथेत पुढे एका वेगळ्याच कामासाठी येणार आहे.

याच काळात जगासमोर एक भीषण प्रश्न उभा होता. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँब पडले. स्फोटातून वाचलेली अनेक माणसे पुढील काही आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी मेली, कारण किरणोत्सर्गाने त्यांची मज्जा नष्ट झाली होती. अशा माणसांना वाचविता येईल काय, याचा शोध सुरू झाला. १९४९ साली अमेरिकेत लिऑन जेकबसन यांनी दाखविले की उंदरावर प्राणघातक किरण सोडताना त्याची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकली तर तो जगतो. १९५१ साली लोरेन्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी झाकण्याऐवजी निरोगी मज्जाच शिरेतून टोचली. तरीही उंदीर जगले. टोचलेल्या मज्जेतील एखादे रसायन उंदराच्या स्वतःच्या मज्जेला चेतना देत असावे, अशी प्रथम समजूत होती. १९५६ साली रंगसूत्रांच्या खुणेवरून निर्विवाद सिद्ध झाले की उंदराच्या हाडांत दात्याच्याच पेशी रुजल्या व वाढल्या होत्या.

यातून ज्या विचाराने जन्म घेतला तो जितका सरळ तितकाच धाडसी होता. ल्युकेमियाच्या रुग्णाची रोगट मज्जा किरणांनी समूळ जाळून टाकावी आणि तिच्या जागी निरोगी माणसाची मज्जा रुजवावी. हा विचार माणसांच्या बाबतीत सिद्धीस नेण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्या डॉक्टरचे नाव ई. डॉनल टॉमस.

टॉमस यांचा जन्म १९२० साली टेक्सास राज्यातील मार्ट नावाच्या लहानशा गावी झाला. वडील खेड्यापाड्यांतून रुग्ण तपासणारे डॉक्टर होते. विद्यापीठात शिकत असताना त्यांची डॉरथी मार्टिन या वृत्तविद्येच्या विद्यार्थिनीशी ओळख झाली आणि १९४२ साली दोघे विवाहबद्ध झाले. टॉमस हार्वर्डला वैद्यक शिकू लागले तेव्हा डॉरथीबाईंनी वृत्तविद्या सोडून प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे शिक्षण घेतले. पुढे जन्मभर त्या पतीबरोबर प्रयोगशाळेत राहिल्या. रक्ताचे नमुने तपासण्यापासून शोधनिबंधांची भाषा नीटनेटकी करण्यापर्यंत सारी कामे त्यांनी केली. ज्याच्या निबंधाची भाषा स्वच्छ असते त्याचे विचारही स्वच्छ होत जातात, असा माझ्या व्यवसायाचा अनुभव आहे. म्हणून या बाईंविषयी मला विशेष आदर वाटतो.

१९५५ साली टॉमस न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या छोट्या गावातील रुग्णालयात आले आणि जोसेफ फेरेबी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मज्जा-प्रत्यारोपणाचे काम आरंभिले. १९५७ साली त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला. किरण अथवा औषधे दिलेल्या सहा रुग्णांना शिरेतून मज्जा देण्यात आली होती. दोघांत ती थोडा काळ रुजली. शंभर दिवसांपलीकडे कोणीही जगले नाही.

श्रोतेहो, या वाक्याचा अनुवाद करताना मी बराच वेळ थांबले होते. सहा रुग्ण, सहा मृत्यू, आणि तरीही निबंध छापावयाचा! परंतु विचारांती माझे मत बदलले. त्या निबंधात यशाचा बडेजाव नव्हता आणि अपयशाची लपवाछपवीही नव्हती. माणसाच्या शिरेत मज्जा निर्धोकपणे सोडता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले होते; बाकीचे सिद्ध झाले नव्हते, आणि तेही त्यात लिहिले होते.

१९५९ साली टॉमस यांनी ल्युकेमियाच्या अशा दोन रुग्णांवर उपचार केले की ज्यांना एकरूप जुळी भावंडे होती. शरीरे तंतोतंत सारखी असल्याने मज्जा उत्तम रुजली. रुग्ण घरी गेले. परंतु काही महिन्यांतच ल्युकेमिया परत आला. यातून दोन गोष्टी कळल्या. प्रचंड किरण दिल्यावरही योग्य मज्जेने माणूस सावरू शकतो. पण केवळ किरणांनी रोगाचे मूळ निघत नाही.

जुळे भावंड ज्यांना नाही अशांचा प्रश्न त्याहून अवघड होता. १९५८ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्हियात बेलग्रेडजवळील विंचा येथील अणुभट्टीत अपघात झाला आणि सहा जण तीव्र किरणांच्या तडाख्यात सापडले. त्यांना पॅरिसला नेण्यात आले. तेथे जॉर्ज माते या डॉक्टरने त्यांतील पाच जणांना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे नावही कधी ऐकलेले नाही, अशांसाठी या नागरिकांनी शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपणे पत्करले. रुग्णांपैकी एक दगावला, बाकीचे बरे झाले. परक्याच्या मज्जेने त्यांना तारले की त्यांची स्वतःची मज्जा पुन्हा जागी झाली, याविषयी शास्त्रज्ञांत पुढे मतभेद राहिले.

मज्जेचे प्रत्यारोपण इतर अवयवांहून वेगळे आहे, हे येथे सांगितले पाहिजे. मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसविले तर शरीर त्याला परके मानून नाकारते. मज्जेच्या बाबतीत संघर्ष दुहेरी असतो, कारण प्रतिकार करणाऱ्या पेशी मज्जेतूनच जन्मतात. रुग्णाचे शरीर मज्जेला नाकारू शकते. आणि मज्जा रुजली तर तीच रुग्णाच्या शरीराला परके ठरवून त्याच्यावर तुटून पडते. त्वचा, यकृत आणि आतडी यांवर हा हल्ला होतो. घरात आणलेल्या राखणदाराने घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसा हा प्रकार. या संकटाने इतके रुग्ण दगावले की साठीच्या दशकात बहुतेक संशोधकांनी हा मार्ग सोडून दिला.

टॉमस यांनी तो सोडला नाही. पण आंधळेपणाने रेटलाही नाही. माणसांवरील असे प्रयोग त्यांनी बव्हंशी थांबविले आणि ते कुत्र्यांवरील अभ्यासाकडे वळले. १९६३ साली ते सिअ‍ॅटल येथे गेले. तेथे त्यांच्या गटाने दाखवून दिले की कुत्र्यांच्या पेशींवरील ओळखचिन्हे तपासून जुळणारी भावंडे निवडली, आणि नंतर मेथोट्रेक्सेट हे औषध दिले, तर प्रत्यारोपित मज्जेचा हल्ला पुष्कळसा आवरतो. ल्युकेमियाच्या पेशींवर चालणारे औषध येथे नव्या राखणदाराला शिस्त लावण्याच्या कामी आले. माणसाच्या पांढऱ्या पेशींवरील अशा चिन्हांपैकी पहिले चिन्ह पॅरिसचे ज्याँ दॉसे यांनी १९५८ सालीच शोधले होते. या कार्यासाठी १९८० साली त्यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळाले. ही चिन्हे आईकडून अर्धी व वडिलांकडून अर्धी येतात. म्हणून सख्ख्या भावाची वा बहिणीची चिन्हे पूर्णतः जुळण्याचा संभव चारांत एक इतका असतो.

दरम्यान कॅनडात टोरांटो येथे एका मूलभूत प्रश्नाचा उलगडा झाला होता. जेम्स टिल हे भौतिकीचे अभ्यासक आणि अर्नेस्ट मॅकुलॉक हे डॉक्टर किरण दिलेल्या उंदरांना मज्जा टोचून अभ्यास करीत होते. दहा-बारा दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसल्या. जितकी मज्जा अधिक टोचावी तितक्या गाठी अधिक. १९६१ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि १९६३ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले की प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून उत्पन्न झाली आहे आणि तिच्यात रक्तपेशींचे निरनिराळे प्रकार आहेत. अशा रीतीने स्वतःसारख्या पेशी निर्माण करणारी, आणि त्याचबरोबर रक्ताच्या विविध पेशींना जन्म देणारी मूलपेशी प्रयोगाने सिद्ध झाली. मज्जेच्या प्रत्यारोपणात रुजते ती हीच मूलपेशी. म्हणूनच पुढे या उपचाराला मूलपेशी-प्रत्यारोपण हे नाव रूढ झाले.

१९६९ साली सिअ‍ॅटलच्या गटाने माणसांवरील उपचार पुन्हा हाती घेतले. आता जुळणारी सख्खी भावंडे दाते म्हणून निवडली जात होती. तीव्र ल्युकेमियाच्या ज्या शंभर रुग्णांची हकीकत त्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केली, ते सर्व असे होते की ज्यांच्यावर अन्य सारे उपचार थकले होते. शंभरांपैकी तेरा जण रोगमुक्त स्थितीत जिवंत होते.

तेरा ही संख्या मोठी की लहान? सत्त्याऐंशी कुटुंबांच्या दृष्टीने तिला काहीच अर्थ नव्हता. यातील कित्येकांचे शेवटचे दिवस उपचारांमुळे अधिक कष्टाचे झाले असतील, हेही नाकारता येत नाही. डॉक्टरने कोठवर जावे, हा प्रश्न येथे उभा राहतो आणि त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. एवढेच म्हणता येईल की ज्या रुग्णांपुढे मृत्यू निश्चित होता त्यांतील तेरा जण वाचले, आणि या आकड्यांतून पुढला प्रश्न निघाला. अगदी अखेरच्या अवस्थेत तेरा वाचत असतील, तर औषधांनी रोग मागे हटलेला असताना, अंगात त्राण असताना, हा उपचार केला तर? तसे करून पाहण्यात आले आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस अशा रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण दीर्घकाळ जगू लागले. त्या सत्त्याऐंशी जणांचे ऋण नंतर बऱ्या झालेल्या प्रत्येक रुग्णावर आहे.

१९७९ साली त्याच गटाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली. प्रत्यारोपित मज्जेचा रुग्णाच्या शरीरावर थोडाफार हल्ला झाला, तर अशा रुग्णांत ल्युकेमिया परत येण्याचे प्रमाण कमी असते. जुळ्या भावंडांत रोग का उलटत असावा, याचा बोध आता झाला. नवा राखणदार परका असल्यामुळेच उरल्यासुरल्या रोगट पेशींना ओळखून मारतो. ज्या परकेपणाला संशोधक इतकी वर्षे शत्रू समजत होते, त्यातच उपचाराचे निम्मे बळ होते.

१९९० साली टॉमस यांना, मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण करणाऱ्या जोसेफ मरे यांच्यासमवेत, नोबेल पारितोषिक देण्यात आले. २०१२ साली टॉमस यांचे निधन झाले, आणि २०१५ साली डॉरथीबाईंचे. २०१२ च्या डिसेंबरात जगातील अशा प्रत्यारोपणांची संख्या दहा लाखांवर गेली.

भारतात हा उपचार फार उशिरा आला असे नाही. डॉ. सुरेश अडवाणी हे, लहानपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीवरून वावरणारे डॉक्टर, सिअ‍ॅटलला टॉमस यांच्या केंद्रात शिकून परतले आणि १९८३ साली टाटा स्मारक रुग्णालयात देशातील पहिले मज्जा-प्रत्यारोपण झाले. ल्युकेमियाने आजारी असलेल्या एका लहान मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. १९८६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही हे कार्य सुरू झाले. एका स्त्रीच्या ल्युकेमियाच्या दुःखातून ज्याची प्रेरणा निघाली, त्याच रुग्णालयात अर्धशतकाने हे घडावे, यात मला मोठे समाधान वाटते.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. ल्युकेमियाच्या प्रत्येक रुग्णाला प्रत्यारोपण लागत नाही. मुलांच्या ल्युकेमियात औषधांनीच बहुसंख्य रुग्ण बरे होतात. आणि चिरकारी ल्युकेमियाच्या एका प्रमुख प्रकारात २००१ पासून उपलब्ध झालेल्या इमॅटिनिबसारख्या गोळ्यांमुळे प्रत्यारोपणाची गरज क्वचितच पडते. जेथे ते आवश्यक असते तेथे अर्धवट जुळणारे आई-वडील किंवा मुलेही आता दाते होऊ शकतात. तरीही हा उपचार अजून कठीण, धोक्याचा आणि सामान्य कुटुंबाला न झेपणाऱ्या खर्चाचा आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. त्यातच, पेशींवरील ओळखचिन्हे वंशपरंपरेने येत असल्याने, भारतीय रुग्णाला नात्याबाहेरचा जुळणारा दाता मिळण्याचा संभव भारतीयांतच अधिक असतो. आणि आपल्या देशात स्वेच्छेने नाव नोंदविणाऱ्या दात्यांची संख्या लोकसंख्येच्या मानाने फारच थोडी आहे.

म्हणून दात्याला प्रत्यक्ष काय करावे लागते, हे सांगून मी आपली रजा घेणार आहे. एका पद्धतीत दात्याला भूल देतात आणि कंबरेच्या हाडाच्या मागील भागातून सुईने मज्जा ओढून घेतात. कण्याला हात लागत नाही. काही दिवस कंबर दुखते. काढलेली मज्जा काही आठवड्यांत पुन्हा भरून येते. दुसरी पद्धत आज अधिक प्रचारात आहे. तीत चार-पाच दिवस एक औषध टोचतात. त्यामुळे मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. अंग दुखते, कणकण वाटते. मग हाताच्या शिरेतून रक्त एका यंत्रात घेऊन त्यातील या पेशी वेगळ्या करतात आणि बाकीचे रक्त दात्याला परत देतात. कोणताही वैद्यकीय उपचार सर्वस्वी निर्धोक नसतो, म्हणून दात्याची आधी कसून तपासणी होते. परंतु मज्जा दिल्याने पाय लुळे पडतात, ही समजूत निखालस चुकीची आहे.

रुग्णाला या पेशी रक्ताच्या पिशवीप्रमाणे शिरेतून दिल्या जातात. त्या आपण होऊन हाडांपर्यंतची वाट शोधतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत नव्या रक्तपेशी दिसू लागतात. दात्याचा रक्तगट वेगळा असेल तर कालांतराने रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. बहिणीची मज्जा घेतलेल्या भावाच्या रक्तपेशींत पुढे स्त्रीची रंगसूत्रे आढळतात. ‘रक्ताचे नाते’ हा शब्दप्रयोग आपण किती सहजपणे करतो! येथे कधी कधी सख्ख्या भावंडांत ते जुळत नाही, आणि दूरच्या प्रांतातील, वेगळी भाषा बोलणाऱ्या अनोळखी माणसाशी जुळून येते. आणि एकदा जुळले की ते अक्षरशः रक्ताचे होते.

त्या वृद्ध बाईंना मी सुधारलेले प्रकरण पुन्हा वाचावयास दिले. त्यात ‘मज्जा’ हा शब्द सुटा कोठेही न ठेवता मी सर्वत्र ‘अस्थिमज्जा’ असा केला होता आणि पहिल्या उल्लेखापाशी तो मज्जारज्जूहून वेगळा असल्याचे स्पष्ट केले होते. बाईंनी कागद परत केले तेव्हा त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात लिहिले होते, “हे आणखी ठळक छापावे.”

अनुवाद ग्रंथरूपाने येईल तेव्हा तसे ते छापले जाईल. पण पुस्तक सर्वांच्या हाती पडतेच असे नाही. आपण सारे वाचणारे आहात, आणि आपल्या घरी, आळीत, आप्तस्वकीयांत आपला शब्द मानला जातो. कोठे अशी बैठक बसलीच, तर हे एक वाक्य आपण तेथे बोलावे, एवढीच विनंती करून मी आपले व्याख्यान संपविते.